बाणूबाईचं लिहून देणारा

औरादच्या बसस्टँडसमोर श्रीशैलचं टायपिंग आणि इंटरनेटचं दुकान होतं. मागं घर, पुढं दुकान. कन्नड, मराठी, इंग्रजी, कशातही त्याची बोटं सारखीच चालत. अर्ज कुणाचाही असो, श्रीशैल त्यातलं नको ते गाळायचा, हवं ते घालायचा आणि अडाणी माणसालाही कागदावर शहाणा करून सोडायचा. लोक म्हणत, "श्रीशैलअण्णानं लिवलं की काम झालं." या हातोटीनंच पुढं त्याचा घात केला.

त्याची आई बाणूबाई शिंदी प्यायची. आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली. मेंढरं गेल्यावर चिंताकीची, म्हणजे तिच्या गावची, निम्मी माणसं हैदराबादला बांधकामावर जायला लागली. नवरा वारल्यावर बाणूबाईही गेली. श्रीशैलला मामाकडं ठेवलं, तान्ह्या लेकीला, जगदेवीला, पाठीशी बांधलं. परतली ती एकटीच, शिंदीची सवय घेऊन. जगदेवी तापानं गेली, एवढंच घरात ठाऊक होतं.

श्रीशैलला मुलगी झाली आणि बाणूबाईचं पिणं वाढलं. नातीला ती हात लावीना. "माजे हात बरे न्हाईत," म्हणायची. सून भाग्यलक्ष्मी बिचारी मनात कुढायची, की मुलगी झाली म्हणून सासू रुसली.

श्रीशैलनं कमी धावाधाव केली नाही. दारू सोडवायच्या शिबिरात चौकशी केली, तर तिथले म्हणाले, "बाईमाणसाला कुठं बसवू?" फोनवर सल्ला मिळतो म्हणून फोन लावला, तर पलीकडून इतकं सफाईदार इंग्रजी आलं की बाणूबाईनं फोन त्याच्या हातात परत दिला. शेवटी त्याला इंटरनेटवर व्यसनात अडकलेल्या बायकांचा एक मराठी गट सापडला. तिथं आडनाव, जात, गाव कुणी विचारत नव्हतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घ्यावं, असंही म्हटलं होतं. अट एकच: लिहिणाऱ्यानं पदरचं काही घालू नये.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा श्रीशैलनं आईला शेजारी बसवलं. बाणूबाई पडद्याकडं न बघता सांगायला लागली.

"साईटीवर पोर रडली की मेस्त्री कामावरनं काढायचा. म्हणून फडक्याला शिंदी लावून तिच्या तोंडात द्यायची म्या. पोर गप झोपायची. एक दिवस झोपली, ती उठलीच न्हाई."

श्रीशैलची बोटं थांबली. भाग्यलक्ष्मीही कधीमधी दुकानात बसायची. तिच्या नजरेला हे पडलं तर? पण ती नुसती सबब होती. खरं तर त्याला स्वतःलाच हे वाचायचं नव्हतं. त्यानं लिहिलं, 'माझी तान्ही मुलगी तापानं गेली. तेव्हापासून पिते.'

बायकांची उत्तरं आली. त्यानं ती वाचून दाखवली: बाई, यात तुमचा दोष नाही. तुम्ही आमच्यातल्याच आहात.

"समदं आयकून बी आसं म्हनल्या?" बाणूबाईनं विचारलं.

"व्हय, माय."

ती पदर तोंडाला लावून रडली. त्या दिवसापासून तिची शिंदी कमी होत गेली. मध्येच तोल जायचा. मग ती तेही सांगायची आणि श्रीशैल तेवढं मात्र इमानानं लिहायचा. दिवाळीपर्यंत शिंदी पार सुटली. नात आजीच्या मांडीवरून उतरेना. गल्ली म्हणायची, ल्योक असावा तर असा. हे ऐकलं की श्रीशैलला घास गिळवत नसे. माफी मिळाली होती तापानं लेक गेलेल्या बाईला. आपल्या आईचं म्हणणं अजून कुणी ऐकलंच नव्हतं. पण चांगलं चाललंय तर कशाला ढवळा, असं म्हणून तो गप्प बसायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं!

एकदा गटावर एका नव्या बाईनं लिहिलं. श्रीशैल सवयीनं मोठ्यानं वाचून बसला. वीटभट्टीवरची बाई होती. 'मी पिते. लेकरानं रडू नये म्हणून त्यालाही चाटवते. काल ते उठता उठेना, दवाखान्यात नेलं तेव्हा वाचलं. मला जगायची लाज वाटते. इथं कुणाच्या हातून असं घडलंय का?'

खाली एकीचंही उत्तर नव्हतं.

"लिव तिला," बाणूबाई लगेच म्हणाली. "म्हनावं, म्या बी त्येच केलं. माजी तर गेली. तरी ह्या बायांनी मला जवळ केलं, तुला बी करतील." तो हलेना. "कामून थांबलास? त्यांना तर ठाव हाय की समदं."

श्रीशैलनं कळफलकावरचे हात काढले. तो म्हणाला, "त्यांना ठाव न्हाई, माय. जगी तापानं गेली म्हणून लिवलो म्या."

आईनं एक मुस्कटात मारावी, असं त्याला फार वाटलं. तिनं मारली नाही.

"म्हंजी त्यांनी माफ केलं ती बाई दुसरीच व्हती," ती म्हणाली. मग पदर सावरून नीट बसली. "आता लिव. म्या सांगायलेय तसंच."

त्यानं एक अक्षर न बदलता लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाणूबाई पडद्याकडं बघत राहिली. तिला खरं अक्षर आणि खोटं अक्षर सारखंच दिसत होतं. तिनं मागं वळून हाक मारली, "भाग्या, जरा हिकडं ये माय. हे वाच. म्या सांगितलं तसंच लिवलंय का, सांग."

भाग्यलक्ष्मी लेकीला कडेवर घेऊन आली आणि वाचू लागली. फडक्याला शिंदी लावल्याचं आलं तिथं ती अडखळली, लेकीला तिनं छातीशी घट्ट धरलं. श्रीशैल खाली मान घालून बसला. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"आत्याबाई, तुमी सांगितलं तसंच लिवलंय का, कसं सांगू? मला तर आजच कळायलंय." मग तिनं तेच पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. बाणूबाई प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत गेली.

श्रीशैलनं ते पाठवलं. थोड्या वेळानं वीटभट्टीवरच्या बाईचं उत्तर आलं. तो वाचायला पुढं वाकला.

"तू नको," बाणूबाई म्हणाली. "भाग्या वाचंल."