ताम्हनातली दुसरी चिठ्ठी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवाला तर नाहीच — त्याला काय सांगायचं, त्याच्याच ताम्हनात तर केलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. एवढंच कारण. मोठं काही समजू नका.

आमच्या घरात ‘नशीब’ हा शब्द मिठासारखा वापरतात. टँकर वेळेवर आला — नशीब. ह्यांना बढती मिळाली — नशीब. पुढच्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला — तेही नशीबच. आणि माझी धाकटी नणंद कुंदा, बिनलग्नाची, आमच्याच घरात पन्नाशीला टेकली. तिचा विषय निघाला की सगळे माना हलवतात. बिचारीचं नशीब! मीही हलवते. खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मीच हलवते.

सांगते, सांगते. मला जरा वेळ द्या.

कुंदाला भुईगावचं स्थळ आलं होतं. घरची केळीची वाडी, मुलगा शाळेत मास्तर, आवाज इतका हळू की प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. पाहायला आला तेव्हा मिठाई-बिठाई नाही, घरच्या सुकेळ्यांची पुडी घेऊन आला — उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी, आमच्या वसईची. तो गेल्यावर कुंदा ती पुरवून पुरवून खायची, रोज एकच. मी चिडवलं तर चक्क लाजली. ही आमची कुंदा, जी एरवी कुणाला भीक घालत नसे!

आणि त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं — सगळं आलं. भुईगावची माणसं चांगली होती हो, पण त्यांच्याकडे आजी शेवटच्या घटका मोजत होती, तिच्या डोळ्यांदेखत लग्न व्हायला हवं होतं. कुंदाचा जीव टांगणीला. आईला टाकून कशी जाऊ, एवढंच घोकत बसायची.

शेवटी ह्यांनी तोडगा काढला. ह्यांच्या गावाकडे, राजापुरात, अडलं की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. एकीवर ‘जा’, एकीवर ‘थांब’. हाताला लागेल तो देवाचा शब्द, मग त्यावर कुणी ब्रही काढायचा नाही. पण चिठ्ठ्या लिहायच्या कुणी? कुंदाने लिहून चालणार नाही, आणि हे तिचे भाऊ. मग म्हणाले, हिने लिहाव्यात. ही बाहेरून आलेली, हिला काय त्याचं?

मला काय त्याचं! मी तेव्हा इथल्याच एका गाळ्यात पॅकिंगला होते. नुकतंच सुपरवायझर केलं होतं. माझ्या हाताखालच्या बायका मला मॅडम म्हणायच्या — मला, जिला माहेरीसुद्धा कुणी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. कुंदा गेली असती तर सासूबाईंचं कोण करणार होतं? गाळा सुटला असता आणि त्यांचं शी-शूचं भांडं माझ्या हातात आलं असतं. हे सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, ते सांगतेय.

स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. पहिल्या चिठ्ठीवर ‘थांब’ लिहिलं. दुसरीवर — हात अडखळला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? नाही अडखळला. दुसरीवरही ‘थांब’च लिहिलं.

कुंदा न्हाऊन आली होती. ताम्हनात दोन चिठ्ठ्या, वर हळदकुंकू, एक जास्वंद. डोळे मिटून ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं आता आपणच ओरडू. मग तिने एक उचलली. उघडली. नुसती बघत राहिली. देव थांब म्हणतोय, असं काहीतरी पुटपुटली आणि सासूबाईंची पेज गरम करायला आत गेली.

हे साखर वाटत होते. दुसरी चिठ्ठी अजून ताम्हनातच होती. मी फूल उचलायचं निमित्त केलं, ती चिमटीत धरली आणि साखरेबरोबर तोंडात टाकली. चावली. गिळली. वळून पाहिलं तर कुंदा पेजेची वाटी घेऊन दारात. तिने काही पाहिलं नसावं — असं मी ठरवून टाकलं.

पुढे काय? माझा गाळा लवकरच बंद पडला, मालक मशिनं उचलून गुजरातेत गेला. ज्याच्यासाठी केलं, तेही राहिलं नाही. आणि भुईगावची आजी तोवर गेली होती, मास्तरांचं लग्न लांबलं होतं, ते अजून तसेच होते. मला कळलं होतं ते! तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? एक वाक्य तर होतं. मी घरी बसून राहिले, सासूबाईंचं कुंदाच करत राहिली, आणि पुढच्या वैशाखात मास्तरांचं लग्न झालं.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात माझ्या अक्षताला बंगळूरची नोकरी लागली. ह्यांचं डायलिसिस चालू आहे; माझे गुडघे गेलेत, म्हणून रिक्षात घालून कुंदाच नेते-आणते. अक्षता रडायला लागली — बाबांना टाकून कशी जाऊ? शब्दाला शब्द तोच. आणि कुंदा शांतपणे म्हणाली, चिठ्ठ्या टाकू या. वहिनी लिहील.

मी लिहिल्या. दोन्हींवर ‘जा’.

ऐकलंत ना? माझ्या पोरीच्या वेळी दोन्हींवर ‘जा’. कुणाच्या जिवावर? परत कुंदाच्याच.

चिठ्ठी निघाली तशी अक्षता आत्याच्या गळ्यात पडली. पोरीचं नशीब उघडलं म्हणून ह्यांनी झोपल्या जागेवरून हात जोडले. मी तेव्हासारखाच फुलाकडे हात नेला, पण ताम्हन कुंदाने आधीच उचललं होतं. तिने दुसरी चिठ्ठी काढली. उघडली नाही. माझ्या तळहातावर ठेवली आणि तिच्यावर चिमूटभर साखर घातली.

“घे, वहिनी,” म्हणाली.

म्हणजे तेव्हा तिने पाहिलं होतं. त्या वेळीच उमगलं, की नंतर कधीतरी पेज ढवळता ढवळता? मी विचारलं नाही. तिच्यासमोर ती चिठ्ठी तोंडात टाकली आणि गिळली, आणि माझं गिळून होईपर्यंत ती उभी होती.

अक्षता गेली. आज सकाळी कुंदा ह्यांना घेऊन खाली उतरली, रिक्षात बसवताना तिने त्यांचे पाय हातांनी उचलून आत ठेवले. मी गॅलरीत होते. तिने वर पाहिलं, आणि मी आत निघून आले.