मामांचा रोबो आणि सुलूची हळद

तांडेलमामांच्या हाती आलेली कुठलीही गोष्ट आधी निवडली जायची. हे माझ्या आईचे थोरले भाऊ. सारा जन्म तारापूरच्या किनाऱ्यावर होडी चालवण्यात आणि होडी लागल्यावर मासळीचे ढीग लावण्यात गेला. मोठी एका पाटीत, मधली दुसरीत, बारीक तिसरीत. ही सवय घरातही सुटली नव्हती. मामी बाजारातून आली की मामा पिशवी उपडी करून लहान-मोठे कांदे वेगळे करत. लग्नाला गेले तर पाहुण्यांचेही ते मनातल्या मनात ढीग लावत असावेत, असा मला दाट संशय होता.

“निवडून ठेवलं का अर्धं काम झालं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं-चालणं लवकर ताळ्यावर आलं, पण उजवा हात आळसावलेलाच राहिला. बोटांत घास धरवेना. डाव्या हाताने चारचौघांत कसं जेवायचं? मामा मागच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून, चमच्याने जेवू लागले. मामी ताट वाढून बाजूला व्हायची. कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. बोईसरला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. “चेंडू दाबून काय मासली गावते?” म्हणत मामांनी तो शेजारच्या पोरांना देऊन टाकला.

त्यातच त्यांच्या धाकट्या मुलीचं, सुलूचं, लग्न पाम गावच्या मुलाशी ठरलं आणि मामांनी सांगून टाकलं की हळदीला मी उभा राहीन, पंगतीला बसणार नाही. सुलूने रडून घर डोक्यावर घेतलं. मामा ढिम्म हलले नाहीत. मला तिचं फार वाईट वाटलं. मुलीच्या हळदीची पंगत बसायची आणि बाप मागच्या दाराशी, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. मला नाद होता प्लास्टिकचे रोबो जोडण्याचा. खोलीत आम्ही तिघी, पसारा मांडायला जागा नाही, म्हणून रविवारी खोका घेऊन मामांकडे जायचे. रोबोचे बारीक बारीक भाग प्लास्टिकच्या चौकटींना देठांनी चिकटलेले असतात. कुठला भाग कितवा, तो आकडा चौकटीवर, त्या भागाशेजारी असतो. पुस्तिकेतल्या चित्रात बघायचं, आकडा शोधायचा, तेवढाच भाग कटरने कापायचा, देठाची खूण पॉलिशपेपरने घासायची आणि जोडायचा. मामा लांबून बघत. या बावलीचा कुणी पगार देतं का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेवढंच.

एका रविवारी खोका तिथेच राहिला. पुढच्या रविवारी गेले, तर ओटीवर तीन सुपं मांडलेली. मामांनी सगळेच्या सगळे भाग कापून मोठे, मधले आणि बारीक असे निवडून ठेवले होते. रिकाम्या चौकटी मामीने कचऱ्यात टाकल्या होत्या, त्या कचरागाडी केव्हाच घेऊन गेली होती. मामांचा चेहरा खूप दिवसांनी खुलला होता. पण चौकटींबरोबर सगळे आकडेही गेले होते.

मी जमेल तितक्या मऊ आवाजात तसं सांगितलं.

“जाल्यावर काय लिवलंय ते कोन वाचतो गं पोरी?” मामा म्हणाले. चौकटी त्यांच्या लेखी मासळी काढून घेतलेलं जाळंच.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. उजव्या अंगठ्यावर कटरने आलेला फोड होता. रागवायचं राहूनच गेलं. आता हा घोळ तुम्हीच निस्तरा, असं उगाच फणकाऱ्याने सांगून मी पुस्तिका त्यांच्यापुढे टाकली.

आणि मामा खरंच बसले. एकेक भाग उजव्या हाताच्या चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवायचे, चित्राशी ताडून बघायचे, नाही जुळला की परत सुपात. दोन्ही पायांचे भाग सारखेच दिसत, त्यावरून तर ते स्वतःशीच भांडत. काही निसटून खाली पडलं तर दुसऱ्याने उचललेलं चालत नसे. मामी केरसुद्धा पाखडून मगच टाकायची. रविवारागणिक चिमूट घट्ट होत होती. मला ते दिसत होतं, मामीला दिसत होतं, आणि दृष्ट लागेल म्हणून आम्ही दोघी त्यावर अवाक्षर काढत नव्हतो.

शेवटी चकाकी घालवणारा रंग फवारला आणि मामांनी रोबो वाळायला कुठे टांगावा? अंगणातल्या बोंबलांच्या दोरीवर! त्याची एक टाच उलटी बसली आहे आणि अंगाला बोंबलांचा वास आहे तो आहेच. पण उभा राहिला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण खरी धाकधूक हळदीचीच होती.

हळदीला पंगत बसली. मामा मांडवाच्या खांबाशी उभे होते. सुलू हळदीच्या अंगाने तशीच पंगतीत येऊन बसली आणि आपल्या शेजारचा पाट रिकामा ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. मामा आले, बसले. भात कालवला. पहिला घास अर्धा पानात सांडला, अर्धा तोंडात गेला. दुसरा मात्र सगळा गेला. मी समोर बसून घास हातात धरून पाहत होते.

“काय बगतेस?” मामा म्हणाले. “जेव.”

मी जेवले. त्या दिवसासारखी भूक मला पुन्हा लागलेली आठवत नाही.

आता मी कोळगावच्या कचेरीत असते आणि रोबो माझ्या टेबलावर. मामा मागच्या वर्षी गेले. मी धावत त्यांच्या घरी पोचले, तर मामी रडता रडता माझा हात धरून आधी हेच म्हणाली, “शेवटपर्यंत आपल्या हातानं जेवले गं. आमच्या सगल्यांच्यात बसून.”