जळून राहिली

शेगडी दुरुस्त करायला मला कांतामावशींनी शिकवलं. हे आधी सांगून टाकतो, कारण त्या गेल्याचं सांगायला लागलो की बाकीचं सगळं सांगायचं राहून जातं.

त्यांच्या लेकीचा, सुनंदाताईंचा, मौद्याहून फोन आला तेव्हा मी बेकरीत टोस्टचे ट्रे लावत होतो. "आई गेली गा भाऊ..." एवढंच त्या बोलल्या. हातातला ट्रे खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. आदल्याच दिवशी मावशींशी बोलणं झालं होतं. ताप उतरलाय, लेकीकडून उद्या निघते म्हणाल्या. मी दोनदा खात्री केली, तशी हसल्या. "येऊन राहिली न गा! तू जेवून घेजो."

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली, आणि ओळखीच्या एका माणसामागून इतक्या लांब नागपूरला आलो. मनीषनगरात गच्चीवरची एक खोली मिळाली. गॅस नव्हता, म्हणून तारेच्या वेटोळ्याची विजेची शेगडी घेतली. खाली मावशी एकट्या राहायच्या. सुरुवातीला आमचं बोलणं जिन्यापुरतंच. त्यांची भाषा मला अर्धीच कळायची, आणि पुन्हा विचारायला भीती वाटायची. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारा माणूस मी.

एकदा शेगडीवर भात ठेवायचा म्हणून ती लावली आणि पाणी भरायला खाली नळावर आलो. मावशी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "अरे बाबू, तुही शेगडी जळून राहिली!"

शेगडी जळाली! माझ्या डोळ्यांपुढे खोली, अंथरूण, सगळंच पेटलं. तसाच धावत वर गेलो आणि भरलेली कळशी शेगडीवर ओतली. फाटकन आवाज झाला, दिवा गेला, शेगडीच्या पांढऱ्या चिनीमातीला आरपार तडा गेला आणि तारही तुटली.

मावशींनी आधी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, "पानी काहून टाकलं गा?"

"तुम्हीच म्हणालात ना, जळली म्हणून..."

"जळून राहिली म्हंजे चालू हाये, बावा! भांडं नाही ठेवलं अन् चालू हाये, म्हनून सांगत होती मी!" आणि मावशी गच्चीतल्या धुण्याच्या दगडावर बसून इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. मलाही हसू आलं. नागपुरात आल्यापासून पहिल्यांदाच.

शेगडी वाळल्यावर त्यांनी ती गच्चीत मांडली आणि भिंतीतून काढलेली पिन माझ्या मुठीत दिली. "तुले भेव लागते न? मंग हे काम तुहंच. पिन तुह्या हातात असंन त करंट येईन कुठून? धरून बस." तुटलेल्या तारेची दोन टोकं त्यांनी एकमेकांत अडकवली, पकडीनं पीळ दिला आणि वेटोळं खाचेत बसवलं. त्यांचे यजमान मौद्याच्या वीजकेंद्रात कामाला होते, त्यांचं बघून शिकल्या होत्या. पुढे तार तुटली की हेच ठरलेलं. त्या दुरुस्त करायच्या, मी पिन धरून बसायचो. माझ्या भित्रेपणाला कुणी तरी पहिल्यांदाच काम दिलं होतं.

"एक दिवस तू खोल, मी पिन धरीन," त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, पुढच्या वेळी.

त्या गेल्या, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, खालच्या खोलीला कुलूप लागलं. मी सवयीनं तेही ओढून बघतो... गेल्या आठवड्यात तार पुन्हा तुटली. दोन दिवस बेकरीतले तुटके टोस्ट चहात बुडवून खाल्ले, शेगडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पिन काढली आणि मावशी बसायच्या त्या धुण्याच्या दगडावर, मला सारखी दिसेल अशी ठेवली. तारेची टोकं एकमेकांत अडकवून पीळ देऊ लागलो. दर वेळी मान वर करून बघायचो. पिन तिथेच होती. दगडावर मात्र कुणी नव्हतं.

शेगडी लावली. तड्याच्या दोन्ही बाजूंनी तार हळूहळू लाल झाली. "जळून राहिली," मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं, पण मला ते दुसऱ्या कुठल्या शब्दांत म्हणता आलं नसतं.

काल सुनंदाताईंचा फोन होता. मावशींची स्वतःची शेगडी त्यांनी मौद्याला नेली आहे. "जळतच नाही गा आता. भंगारात देऊन टाकू का?" मी म्हटलं, नका देऊ. मौद्याला एकटा कधी गेलेलो नाही. दुसऱ्याच्या घरची वस्तू उघडायची तर मी दहादा विचार करतो. पण मावशी, ती शेगडी मी दुरुस्त करणार. पिन सुनंदाताईंच्या हातात देईन. तुमचं एवढं तरी फेडीन.

मी येऊन राहिलो.