घरच्या शाळेला घंटा नसते

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबाबांनो, आज माझ्या लेकीने मला गप्प केलं.

सकाळी मी आणि माझी पंधरा वर्षांची सई बदलापूरहून अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. दर्शन झालं आणि मी सवयीप्रमाणे सुरू झाले. हा दगड कुठला असेल, एवढ्या वर कसा चढवला असेल, सांग बघू.

सई म्हणाली, "मम्मी, शाळेतल्या पोरांना निदान सुट्टीची घंटा तरी असते. तू भाजी घेताना पण टक्केवारी विचारतेस."

राग आला. खरं होतं म्हणून जरा जास्तच आला. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तोंड बंद ठेवलं. जड गेलं, खोटं कशाला बोलू.

सई एकटीच देवळाभोवती फिरत राहिली. बऱ्याच वेळाने आली आणि माझा हात ओढत म्हणाली, "चल, मागच्या भिंतीवर एक छोटासा हत्ती कोरलाय. त्याच्याकडे कोणी बघतच नाही."

मी इतक्या वेळा तिथे गेलेय, पण मलाही तो कधी दिसला नव्हता. दोघी उभ्या राहून बघत होतो. मी एकही प्रश्न विचारला नाही.

तुमच्या घरी सुट्टीची घंटा कोण वाजवतं?