विटांवरची गाडी

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. ही घटना मात्र आजही आठवते. आठवण काढावी लागत नाही, ती आपणहून येते आणि प्रत्येक वेळी माझी मान थोडी खाली घालून जाते. मुदतीआधी सेवानिवृत्ती घेऊन मी नांदेडला स्थायिक झालो, त्याआधी काही वर्षं लातूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ही गोष्ट तेव्हाची. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्यातली सगळी माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

मार्चमधली सकाळ. हजेरी संपली होती, मी आदल्या दिवसाच्या डायऱ्या वाचत होतो. एक पस्तिशीचा माणूस धापा टाकत आला. तो एका निवृत्त मुख्याध्यापकांचा पुतण्या. राहायला किल्लारीकडं, पण आठवड्यातून एकदा लातूरला येऊन काकांच्या बंद घरापुढच्या झाडांना पाणी घालून जायचा. काका-काकू पंधरा दिवसांपूर्वी हैदराबादला गेले होते. काकूचं मोठं ऑपरेशन होतं.

"साहेब, काकांच्या गाडीची चारी चाकं गेली वो! बॅटरीबी न्हाई. गाडी नुसती विटांवर उभी हाय."

"काकांना कळवलं?"

"कसं कळवू? काकूचं ऑपरेशन हाय या दोन-तीन दिवसांत. अन् काकांना गेल्या साली झटका येऊन गेलाय हार्टचा."

फिर्याद घेतली, अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा नोंदवला. पंचनाम्याला एका जमादाराला पाठवलं. घरामागं पत्र्याचं शेड, त्यात कव्हर घातलेली जुनी पांढरी गाडी, चारी कोपऱ्यांत विटांच्या थप्प्या, चाकं व बॅटरी चोरीस. मी टेबलावर बसून तो पंचनामा वाचला आणि सही केली. स्वतः जाऊन पाहिलं नाही. या प्रकरणातली माझी पहिली चूक ही.

दुपारपर्यंत खबर आली. त्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल चालवणारा एक जण अधूनमधून आमच्या कानावर काहीबाही घालायचा. त्यानं सांगितलं, "चौकातला मिस्त्री हाय की, त्यानं नेली चाकं. पाच-सहा दिस झाले. भरदुपारी, हातगाड्यावर, वरून साड्या गुंडाळून. मला वाटलं पंक्चरची असतील."

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे चौकात लिंबाखाली एक टपरी, पुढं एक खड्डा आणि मागं त्याचं दोन खोल्यांचं घर. आम्ही गेलो तेव्हा तो एका जीपखाली आडवा होता. घरात पलंगाखाली चारी चाकं सापडली, जुन्या साड्यांत नीट गुंडाळलेली. कोपऱ्यात लाकडी फळीवर बॅटरी, तिला चार्जिंग लावलेलं. गाडीच्या चाव्या देवळीत. चावी याच्याकडं कशी हे विचारायला हवं होतं. मला वाटलं, सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा याने दुसरी करून घेतली असणार. संशय पक्का झाला की माणूस उत्तरंसुद्धा स्वतःच देत सुटतो.

जप्ती झाल्यावर त्याला जीपमध्ये बसवता आलं असतं. मी बसवलं नाही. त्याच्याच चौकातून, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोरून पायी ठाण्यापर्यंत नेलं, दोन्ही बाजूंना शिपाई. पुढं चाकांची हातगाडी. इतरांना धाक बसतो, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. कुणीतरी विचारलं, "काय झालं साहेब?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, तुमच्या गाड्या कुणाच्या हाती देता ते."

हे वाक्य मी आजपर्यंत घरी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"चाकं तू काढलीस?"

"हाव साहेब, मीच काढली."

"म्हणजे चोरी कबूल?"

"चोरी न्हाई केली. काढली म्हणलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

गप्प. खाली मान. हाताला ग्रीस तसंच. मी वीस वर्षांत शेकडो माणसं समोर बसवली होती. चोर बहुतेक वेळा फार बोलतो, उलट्यासुलट्या हकिकती सांगतो. हा बोलतच नव्हता. ते खटकायला हवं होतं.

"ठीक आहे. मुख्याध्यापक सरांना फोन लावून विचारतो."

तो एकदम उठून उभाच राहिला. "न्हाई साहेब, पाया पडतो. मला आत टाका, पण सरांना फोन नका लावू."

झालं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मालकाला फोन नको म्हणतो, म्हणजे चोर. मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, मालकाचा नंबर पुतण्याकडून घ्या, फोन लागेपर्यंत लावत राहा. बायकोच्या आजारपणात माणसाला हे कळवावं का, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला.

पुढचं काम म्हणजे चाकं त्याच गाडीची आहेत याची खात्री. या वेळी मी स्वतः गेलो. सोबत आमच्या जीपचे चालक होते, मुखेडकडचे, पन्नाशी ओलांडलेले हवालदार. आयुष्यभर सरकारी गाड्या सांभाळलेला माणूस. त्यांनी कव्हर काढलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग जप्त केलेल्या चावीनं दार उघडून बॉनेट उघडलं. आत तंबाखूची पानं सुतळीनं बांधून ठेवली होती.

"हे काय?"

"उंदरासाठी साहेब. वायरी कुरतडू नये म्हणून." त्यांनी ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. "ताजं ऑइल हाय. साहेब, चोर कदी ऑइल बदलून जातो का?"

मग ते वाकून एकेक गोष्ट दाखवत गेले. विटांवर लाकडाची फळी, म्हणजे खालच्या लोखंडाला विटांची घसट लागू नये. हँडब्रेक सोडलेला, नाहीतर बंद गाडीचा ब्रेक चिकटून बसतो. वायपर काचेपासून उचलून खाली कापडाच्या घड्या. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा. आणि दारातून वाकून आत पाहिल्यावर स्टिअरिंगला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा दिसला. त्यावर वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'चालू करन्याआधी मागचा बोळा काडने. ऑइल नवीन हाय. टाकी फुल हाय.'

मी तो पुठ्ठा तीनदा वाचला.

"आणि चाकं?"

"या पत्र्याखाली उन्हाळ्यात टायर भाजून निघतेत. शाहणा मिस्त्री थंड खोलीत नेऊन ठेवतो." हवालदार थोडे घुटमळले. "पण एक गोष्ट कळंना. महिन्यासाठी जायचं आसंल तर नुसती बॅटरीची वायर काढून ठेवतेत, हवा थोडी जास्त भरतेत. एवढं सगळं कुणी करत न्हाई. ही गाडी वरीसभरासाठी ठेवलीय, साहेब."

पुतण्यानं तर फिर्यादीत सांगितलं होतं, काका महिनाभरात येणार आहेत.

ठाण्यात परत आलो आणि खोलीचं दार लावून घेतलं. मिस्त्रीला खुर्ची दिली. तो बसेना.

"सर महिन्यासाठी गेलेत. तू गाडी वर्षभरासाठी का ठेवलीस?"

त्याचे डोळे भरले. आता लपवण्यात अर्थ नाही, हे त्याला कळलं असावं.

"सर म्हनत होते, कव्हर टाक, महिन्याभरात येतोच. सर घरात गेले तवा काकू बाहेर आल्या. चावी माज्या हातात दिली. म्हनल्या, आमी गेल्यावर ये अन् वरीसभराचं धरून ठेव. डॉक्टरनी मला सांगितलंय, ऑपरेशननंतर लई महिने तिथंच औषधं घ्यायची हायत. सरांना आत्ताच कळलं तर त्यांचं काळीज न्हाई टिकायचं. एकेक महिना करत सांगीन मी." तो थांबला. "साहेब, सरांना गाडी कळते. चाकं काढली म्हनलं की त्यांना सगळंच कळंल. म्हनून म्हनलं, फोन नका लावू."

मी काही बोलायच्या आत बाहेरून ठाणे अंमलदाराचा आवाज आला. "हॅलो, सर बोलताय का? लातूरहून पोलीस ठाणे."

नोकरीत मी कधी इतका जोरात धावलो नसेन. टेबलावरून अर्धा वाकून फोन हिसकावला.

"नमस्कार सर. मी इथला प्रभारी. काही काळजीचं नाही. बाहेरगावी गेलेल्यांच्या बंद घरांची आम्ही नोंद ठेवतो. आपलं घर गस्तीच्या यादीत घेतलंय, तेवढंच कळवायचं होतं."

पलीकडून एक थकलेला, पण खूश झालेला आवाज. "अरे वा! पोलीस आता फोन करून सांगतात? बरं साहेब, मागं माझी गाडी हाय. कव्हर नीट हाय ना?"

"आहे सर. मी स्वतः बघून आलो."

"महिन्याभरात येतोच आम्ही."

"या सर. सावकाश या."

फोन ठेवला तेव्हा अंमलदार माझ्याकडं पाहत राहिला. मी त्याला सांगितलं, बंद घरांची यादी आजपासून खरोखर सुरू करा, पहिलं नाव हेच लिहा. ती यादी माझी बदली होईपर्यंत चालली. मिस्त्रीला त्याच संध्याकाळी घरी सोडलं.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता, म्हणून सी समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवायची होती. त्यासाठी काकूंचा जबाब लागणार होता. ऑपरेशननंतर काही दिवसांनी त्यांनी फोनवर बोलायला होकार दिला. आवाज क्षीण होता, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं थेट. चावी आपण दिली, काम आपण सांगितलं, हे त्यांनी पुतण्याच्या हाती लिहूनही पाठवलं. पुतण्याला सगळं कळलं तेव्हा तो ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला होता. त्यानंही काकांना एक शब्द सांगितला नाही.

शेवटी काकूंनी विचारलं, "मिस्त्रीला मारलं का हो तुम्ही?"

"नाही."

"मग?"

मी खरं सांगितलं. चौकातून पायी नेलं, आणि काय बोललो तेही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तसंच परत न्या त्याला."

नेलं. मुद्देमाल सोडवण्याचा आदेश आला त्या दिवशी, भर बाजाराच्या वेळी. हातगाडीवर तीन चाकं आणि बॅटरी. चौथं चाक मी घेतलं आणि गणवेशात, घरंगळवत घरंगळवत चौकातून नेलं. मिस्त्री बाजूनं चालत होता आणि सारखा म्हणत होता, "राहू द्या साहेब, कपडे खराब होतील." ते चाक दोनदा हातातून सुटलं आणि एकदा थेट केळीवाल्याच्या गाड्यावर आदळलं. चहावाला हॉटेलातून ओरडला, "साहेब, नवीन ड्युटी लागली का?" लोक हसले. मी म्हणालो, "चूक माझी होती. या माणसाच्या हाती गाडी निर्धास्त द्या." कशी चूक, ते मात्र सांगता येत नव्हतं. म्हणून काही जणांना ते पटलं, काहींना पटलं नाही. मिस्त्रीची दोन जुनी गिऱ्हाइकं पुन्हा कधीच आली नाहीत. ती मी तोडली. याची भरपाई कुठल्या समरीत होत नाही.

काका-काकू अकरा महिन्यांनी परत आले. मला निरोप आला, मी गेलो. आदल्या दिवशीच मिस्त्रीनं चाकं बसवली होती, विटा उचलून अंगण झाडून ठेवलं होतं. सरांनी चावी फिरवली आणि दुसऱ्या झटक्यात गाडी चालू झाली. म्हातारा माणूस लहान पोरासारखा खूश.

"बघा साहेब! महिन्याचे अकरा महिने झाले, पण गाडी म्हणजे गाडी. नुसत्या कव्हरवर राहिली."

"गाडीच चांगली हाय सर," मिस्त्री म्हणाला. काकू ओसरीवर उभ्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, गप्प राहणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो असं धरू नका. दुसऱ्या कुणासाठी तो गप्प असेल, तर तुमचा आवाज जितका चढेल तितकी त्याची मान आणखी खाली जाईल, आणि तुम्ही ती कबुली समजाल. मी समजलो. आणि घटनास्थळी स्वतः जा. एवढंच.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना चार महिने बाहेर जायचं होतं. मिस्त्री एसटीनं लातूरहून नांदेडला आला, आमची गाडी ठेवायला. मला विचारलं, "किती दिवस, साहेब?" मी म्हणालो, चार महिने. त्यानं मान डोलावली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन पुन्हा विचारलं, "वहिनी, खरं किती दिवसाचं धरू?"

"चारच हो भाऊ," ती हसत म्हणाली.

त्यानं बॅटरी काढून पिशवीत घेतली. मी चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "वाटेत कुणी हटकलं तर?"

"तुमचं नाव सांगीन की," तो म्हणाला. "तवा कुनाचं सांगता येत नव्हतं."