परसातलं बोलणं

शेवटचं मी आणि बायकोनं मिळून वाल सोलले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून मध्ये परात ठेवली होती, दुसऱ्या दिवशीच्या बिरड्यासाठी. तिचा हात चालायचा तसं तोंडही चालायचं.

"अवो, त्या जीपवाल्यानं काल सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर कशाला लिहून घेतले?"

"मला काय ठाऊक."

"इचारलं नाय तुम्ही?"

"नाय."

"मग जीभ कशाला हाय तुम्हाला, नुसती भाकरी फिरवायला?"

परात भरली. दुसऱ्या दिवशी दुपारची गिऱ्हाइकं उठल्यावर ती हात धुवायला वाकली आणि तिथंच बसली. महाडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिचं नाव मी लिहीत नाही. लग्नात एकदा घेतलं, त्यानंतर त्रेचाळीस वर्षांत "गो" म्हणूनच हाक मारली. आता कागदावर कशाला घेऊ? पोरीचंही लिहीत नाही. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिहा, पण नाव नको." ही विचारायची रीत आमच्या घरात तिच्या आईनंच घातली.

हिरकणीवाडीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं हॉटेल आहे. पिठलं, भाकरी, ताक, कधी बिरडं. तुम्ही गड बघायला आला असाल तर आमच्याकडं जेवलाही असाल. भाकरी थापता थापता एक बाई नवऱ्याला झाडत होती असं आठवत असेल, तर ती हीच. थापायची आणि बोलायची, दोन्हीला ताल एकच.

त्या बोलण्यावरच एक पोरगा खूश झाला. गळ्यात कॅमेरा, हातात मोबाईल. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आजींचा व्हिडिओ काढू का?" मी म्हटलं, काढ की. तिला विचारलं नाही. उलट त्याला हाताला धरून नेलं आणि सांगितलं, "हितं उभा राहा. मागं कडा दिसतो." व्हिडिओ सुरेख आला. पुढं चूल, भाकरी थापत मला बोलणारी ती, आणि वर रायगडाचा कडा. सगळं जग ज्याच्यावर पडलेलं असतं, त्या मोठ्या नेटवर्कवर त्यानं तो टाकला. आठवड्यात लोक गाड्या थांबवून विचारायला लागले, "ओरडणाऱ्या आजी कुठायत?"

मला काय, आनंद. मी तिचा फोटो छापलेला हातभर रुंद बोर्ड करून आणला. तिनं तो बघितला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर मिरच्या वाळत घातल्या.

पण त्या व्हिडिओत आणखी एक माणूस होतं. मागं पडवीत खाट, आणि खाटेवर आमची पोरगी, भर उन्हाळ्यात कानाला फडकं बांधून बसलेली.

पुण्यामुंबईच्या माणसाला त्यात काही दिसलं नाही. आमच्याकडच्या बाईला मात्र कान बांधून बसलेली पोर म्हणजे बाळंतीण, हे सांगावं लागत नाही. पोरीला चौथा महिना होता, ते गेलं. तिला आणि जावयाला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पोलादपुरात 'आईकडं मदतीला जाते' एवढंच सांगून ती आली होती. व्हिडिओ आल्यावर तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. कुणी विचारी, "मुलगा की मुलगी गो, आम्हाला कळवलं पण नाय?" शहाण्या होत्या त्या हळू आवाजात विचारत, आणि ते तिला जास्त लागायचं. पोरीनं फोन बंद करून पेटीत टाकला, तो कितीतरी महिने.

बायको रडली नाही. तिला प्रश्न पडला.

"हितलं तिथं गेलं कसं? आणि कोण नेतं?"

तेव्हापासून गिऱ्हाइकांची खैर नव्हती. फोनमध्ये डोकं घातलेलं कुणी दिसलं की दुसरी भाकरी द्यायच्या आधी ही त्याच्यापुढं उभी.

"बाबा, त्या मोठ्याचे पैसे किती पडतात?"

"फुकट असतं आजी."

"फुकट देतो? मग तो जेवतो कशावर?"

हा तिचा ठरलेला प्रश्न. कुणी हसायचं, कुणी पाणी मागायचं. एक पोरगा मात्र खरं बोलला. म्हणाला, "आजी, आपण काय बघतो, कुठं जातो, कुणाशी बोलतो ते तो बघून ठेवतो. त्यावरनं जाहिराती दाखवतो."

हिनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे तो आमच्यावर जेवतो." आणि त्याला भाकरी वाढली.

त्या दिवसापासून त्या मोठ्याला तिनं नाव ठेवलं, ष्टँड. म्हणायची, "महाडच्या ष्टँडवर उभं राहिलं की चार जण इचारतात, कुणाची गो तू, कुठं निघालीस. ह्ये तसंच. ष्टँडवर जायला लागतं, पण तिथं कोण कान बांधून बसत नाय."

तिच्या हिशेबात बोलण्याच्या तीन जागा. ष्टँडवरचं बोलणं, पडवीतलं बोलणं आणि परसातलं बोलणं. परस म्हणजे घरामागची जागा. तिथं भांडी घासताना बायका कुडावरनं बोलतात आणि पुरुष माणूस दिसला की गप्प होतात. तिला फोनमध्ये परस पाहिजे होतं.

एक पांढऱ्या केसांची बाई दर दोनतीन महिन्यांनी गडावर पायी जायची आणि उतरल्यावर आमच्याकडं ताक प्यायची. तिनं सांगितलं की दुसरीही नेटवर्क असतात, लहान लहान. "तिथं एक मालक नसतो. ज्यानं त्यानं आपली विहीर खणायची, आणि विहिरींचे झरे आतनं जोडलेले."

"आणि विहिरीचा खर्च?"

"पाणी पिणाऱ्यांची वर्गणी."

"हां. ह्ये कळलं." त्या बाईला दुसरा पेला ताक मिळालं. मला विचारलंत तर झऱ्याचं मला आजही कळलेलं नाही.

त्या बाईनंच तिला अशा एका विहिरीवर नेऊन सोडलं. आठ दिवस ही रोज तिथं बोलून बघायची. कुणी नाही. नवव्या दिवशी कुठल्या तरी थंड देशातला एक माणूस भेटला. तो जंगलातल्या अळंब्यांचे फोटो टाकायचा. हिनं आपल्या बांधावरच्या अळंब्यांचे फोटो तिथं टाकले. त्यानं आवडलं म्हणून चांदणी दिली. हिनं आणखी टाकले, त्यानं आणखी चांदण्या दिल्या. ना त्याची भाषा हिला, ना हिची त्याला.

"कोण गो त्यो?" मी विचारलं.

"अळंबीवाला. जळू नका, लग्न झालेलं दिसतंय त्याचं."

पण महिन्याभरात कंटाळली. म्हणाली, "जागा चांगली हाय, पण आपलं माणूस नाय. रिकाम्या देवळात किती येळ बोलायचं?"

मग दुसरा प्रकार मिळाला. नुसता आपसात बोलायचा. कुलूपबंद, देणगीवर चालणारा, आणि आतलं बोलणं चालवणाऱ्यालाही ऐकू येत नाही म्हणे. म्हणे, यावर ती थोडीच थांबणार? हमीदाबीला हाताशी धरून तिनं परीक्षाच घेतली. हमीदाबी म्हणजे महाडहून आमच्याकडं सुकी मासळी घेऊन येणारी, हिची जुनी मैत्रीण. आधी दोघींनी ष्टँडवर माझ्या टकलाला कुठलं तेल लावावं ते शोधलं. महिनाभर दोघींच्या फोनवर तेलाच्या बाटल्या नाचत होत्या. मग ह्या नव्या जागेवर आठ दिवस दोघी उंटाबद्दल बोलल्या. उंट केवढ्याला, उंट खातो काय, उंट पाचाडला बांधायचा कुठं. उंटाची जाहिरात काही आली नाही.

"पास झाला," ती म्हणाली.

पण माणसं आणायची कशी? सगळी ष्टँडवर. हमीदाबीच म्हणाली, "भाभी, माझा पोरगा दुबईला. तो तिथंच दिसतो मला. ते सोडलं तर त्याला बघू कुठं?"

"सोडू नको गो. पोराला ष्टँडवर बघ. पोटातलं बोलायचं तेवढं परसात येऊन बोल."

अशा एकेक करत नऊ बायका आल्या. कुणाकडं ती चालत गेली, कुणाच्या सुनेला फोन लावला, एकीला तर ST थांबवून खिडकीतनं शिकवलं. बोललेलं चार आठवड्यांनी आपोआप पुसलं जाईल असं नवजणींनी हात वर करून ठरवलं. ती म्हणायची, "बोललेलं माणसानं जन्मभर धरून ठेवू नये. परसातलं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून तर बाई बोलते."

मी म्हटलं, "मला पण घे."

"तुमचं तोंड ष्टँडचं हाय."

हसत म्हणाली. पण मी उठून ताक घुसळायला लागलो. त्या व्हिडिओवाल्या पोराला तिथं उभं मी केलं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तो आपला आपण आला आणि काढून गेला, असंच मी बोललो होतो. हिला कळलं होतं की काय? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं.

दहावी आली ती आमची पोरगी. आली आणि महिनाभर गप्प. नुसती ऐकायची. मग एका दुपारी बायको घरामागनं आली, डोळे लाल, पदरानं नाक पुसत.

"बोलली," म्हणाली.

"काय बोलली?"

"ते तुमच्यासाठी नाय."

मला राग आला. बापाला नाही तर कुणाला? पण त्या दिवशी बायको दोन घास जास्त जेवली आणि किती दिवसांनी भाकरी थापताना मला शिव्या दिल्या. तेव्हा मी गप्प बसलो. आता विचार केला तर वाटतं, फोन, विहिरी, अळंबीवाला, उंट, ही एवढी सगळी खटपट तिनं त्या एका दुपारसाठी केली.

तेरावं झाल्यावर पोरीनं आईचा फोन माझ्यापुढं ठेवला. बायकांनी तोवर दुसरं परस केलं होतं, ह्यावर नवीन काही येत नव्हतं. पण तिचं शेवटच्या दिवसांतलं बोलणं त्यात होतं. ती टाईप करायची नाही, बोलूनच पाठवायची.

पोरगी म्हणाली, "बाबा, रोज थोडं थोडं पुसलं जाणार. अजून पंधरा दिवस. तुम्हाला ऐकायचं तर ऐका. दुसऱ्या फोनवर धरून ठेवायचं तर तसंही करता येतं. बायकांना मी इचारलं, त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? आईला इचारता येत नाय." आणि ती पोलादपूरला गेली.

मी फोन घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, दोन गोष्टी पाहिजे होत्या. एक तिचा आवाज. दुसरी, तिला माझं कळलं होतं का, आणि कळलं असेल तर ते तिनं त्या बायकांना सांगितलं का. म्हणजे पोरीलाही. ते त्यात असणार, एवढ्या बोलण्यात एकदा तरी असणार, असं सारखं वाटायचं. ऐकलं की कळणार होतं, आणि मला तोंड उघडावं लागणार नव्हतं.

एक लावलं. तिचा आवाज आला, अगदी कानाशी. "हमीदा, ह्या खेपेला बोंबील नको गो पाठवू, ओले निघतात. आणि तुझ्या गुडघ्याचं काय, गेलीस का दाखवायला?" बास एवढंच. पण तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. मऊ, घाई नसलेला. माझ्याशी ती तशी बोलत नव्हती. घरात पुरुष शिरला की बदलतो ना आवाज, त्याच्या आधीचा तो होता. मी चोरून परसात उभा राहिलोय असं झालं. बंद केला.

मग रोज फोन चार्जिंगला लावायचो, उघडायचो, यादी बघायचो, बंद करायचो. यादी आखूड होत गेली. आज ऐकतो, उद्या ऐकतो. गिऱ्हाइकं यायची, विचारायची, आजी कुठायत. मी पिठलं वाढायचो.

शेवटच्या दिवशी दोनच उरली होती. दुपारी बघितलं तर एक. पाच वाजता ताकाचे पेले विसळून बघितलं तर तेही नाही. आवाज झाला नाही, काही नाही. पांढरं पान. ज्या गोष्टीसाठी मी पंधरा दिवस तडफडलो, ती आता जगात कुठंच लिहिलेली नव्हती. मी सुटलो, असं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल उघडलं नाही. पहिल्या गाडीनं महाडला उतरलो, तिथनं पोलादपूरची गाडी धरली. पोरगी घरामागं कपडे वाळत घालत होती. मला बघून घाबरली. "बाबा, काय झालं?"

"काय नाय. सांगायला आलोय. त्या व्हिडिओवाल्या पोराला तिथं मी उभा केला होता."

तिच्या हातातली चादर दोरीवर अर्धी राहिली. तिला आधी ठाऊक होतं का, ते तोंडावरनं मला कळलं नाही. तिनं चादर ओढून नीट केली. मग तिनं विचारलं, "कुठं उभा केला होतात?"

मी तिच्या परसात उभा राहून दाखवलं. हितं चूल. हितं तुझी आई. कडा त्या बाजूला, म्हणून तो पोरगा हितं.

"तिथनं खाट दिसत होती?"

"दिसत होती," मी म्हणालो.