आठव्या मजल्यावरचं ‘सब ठीक’

“रिकामी बिल्डिंग सांभाळायची म्हणजे काय गं काम असतं? कुलूप लावायचं आणि घरी जायचं!” आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या बायकांनी मला हे ऐकवलंय. अगं बाई, भरलेल्या इमारतीत नळ गळला तर कुणीतरी बोंबलतं. रिकाम्या इमारतीत बोंबलायलाच कुणी नसतं, म्हणून तिथे माणूस ठेवावा लागतो.

माझी इमारत गुरुग्रामला होती. नऊ मजले, बाहेरून सगळी काच, आणि सहा वर्षं एकही भाडेकरू नाही. मी गाझियाबादहून दोनदा मेट्रो बदलून रोज तिथे जायची. मॅनेजर मी, आणि दिवसपाळीला गार्ड एकच. साठीचा, बुंदेलखंडातला. मी त्यांना चाचाजी म्हणायची, ते मला मॅडमजी. दर सोमवारी आम्हा दोघांचं ‘पाणी’ असायचं. संडास वापरात नसले की खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर चढतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर बादली भरायची आणि एकेका भांड्यात, एकेका जाळीत ओतायची. बादली ते मला उचलू द्यायचे नाहीत. त्यावरून दर सोमवारी आमची तू तू मैं मैं ठरलेली.

याशिवाय रोज दोन वेळा त्यांनी नऊही मजले फिरून यायचं आणि रजिस्टरच्या नऊ चौकटींत ‘सब ठीक’ लिहायचं, असा नियम होता. नियम करणारा स्वतः कधी तिसऱ्या मजल्याच्या वर गेला नसावा. कारण वीज वाचवायची म्हणून मालकांनी लिफ्ट बंद केली, नियम तसाच ठेवला. एका दुपारी चाचाजी चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. गुडघा धरून नुसते हसत होते. मी दोनदा मेल लिहिली, लिफ्ट सुरू करा. मालकांच्या मुलाचं उत्तर आलं, ‘प्लीज मॅनेज.’ बरं, म्हटलं, करते मॅनेज.

“चाचाजी, कल से चौथे तक जाइए. ऊपर का सोमवार को साथ में देखेंगे.”

“और रजिस्टर?”

“सब ठीक लिखिए.”

ते पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “लिख दूँ, मैडमजी?” मी म्हटलं, लिखिए. चूक ती तिथे झाली आणि ती माझी होती.

चार महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी बादली घेऊन आठव्यावर पोहोचलो तर फॉल्स सीलिंगचे पत्रे जमिनीवर आणि मजल्याची सगळी तांब्याची केबल गायब. टोकं अशी सफाईने कापलेली की घाईत कुणी केलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसावं. रजिस्टरमध्ये आठव्या मजल्याच्या चौकटीत मात्र आठवडाभर, दिवसातून दोनदा, चाचाजींच्या अक्षरात: सब ठीक.

गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या साहेबाने तक्रार टाइप करूनच आणली. गार्डची चोरांशी मिलीभगत. मॅनेजर म्हणून खाली माझी सही झाली, की कागद ठाण्यात. एकदा ठाण्यात नाव गेलं की या वयाच्या माणसाला कुठलीच एजन्सी गेटवर उभी करत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. नवरा जेवताना म्हणाला, “तू मध्ये पडू नकोस हं. बिल्कुल गप्प बस. तुझीही नोकरी जाईल.” खोटं कशाला बोलू, दोन घास मी गप्प बसायचं ठरवूनच गिळले. तिसरा उतरेना.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या मुलाच्या ऑफिसात बसलो. म्हणजे आम्ही तिघं बसलो. चार खुर्च्या रिकाम्या होत्या आणि चाचाजी भिंतीशी हात जोडून उभे. साहेब मोठ्याने रजिस्टर वाचत होता, मंगळवार सब ठीक, बुधवार सब ठीक, आणि दर वेळी त्यांच्याकडे बघून हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती द्यायची, वर त्याची टिंगल?

“मॅम, साइन,” मालकांचा मुलगा म्हणाला.

“करते की. पण नाव चुकलंय,” मी म्हटलं. चाचाजींच्या नावावर काट मारली आणि वर माझं लिहिलं. “त्यांनी लिहिलं ते माझ्या सांगण्यावरून. लिफ्ट तुम्ही बंद केलीत. या माझ्या दोन मेल, हे तुमचं उत्तर. आता जाऊ दे कागद ठाण्यात. मीच नेऊन देते.”

“मॅम, हे तुम्ही विटनेससमोर कबूल करताय, कळतंय ना?” साहेबाकडे बोट दाखवून तो म्हणाला.

“विटनेस हवाच होता मला.”

साहेबाने रजिस्टर मिटलं. मालकांच्या मुलाने माझ्या फोनवरचं आपलंच उत्तर दोनदा वाचलं, कागद ओढून घेतला आणि म्हणाला, तक्रार अज्ञात चोरांविरुद्ध जाईल. गार्ड राहील. मला मात्र एक तारखेपासून येण्याची गरज नाही. मी म्हटलं, थँक यू. त्याला बहुतेक रडारड अपेक्षित होती, बसा वाट बघत.

पार्किंगमध्ये चाचाजी मागून लंगडत आले. मला वाटलं, आभार मानतील. कसले आभार! ते माझ्यावर चिडले होते.

“आपने क्यों बोला, मैडमजी? मैं मान लेता. हमारी तो आदत है.”

काय सांगू, मालकांच्या मुलावर आला नव्हता इतका राग मला त्या म्हाताऱ्यावर आला. हिंदी सुचेनाच. भर पार्किंगमध्ये मी मराठीत ओरडले, “या तुमच्या सवयीवरच तर हे सगळे एसीत बसलेत! केलं नाहीत ते मान्य करायचं नाही! कुणासमोर नाही! माझ्यासमोरही नाही!”

त्यांना एक अक्षर कळलं नसेल. माफी मागायला हात जोडू लागले होते, ते अर्ध्यावर थांबले. मग त्यांनी हात खाली घेतले आणि तसेच, मोकळ्या हातांनी, माझ्यासमोर उभे राहिले.